सुभेदारांच्या पाच मोहरा

जुना जालना
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८७०
रविवार, ता. ५ डिसेंबर १९४८

राजमान्य राजश्री भालचंद्रराव सुभेदारसाहेब, मुक्काम औरंगाबाद, यांस रखमाजी मोहरेवाल्याचा रामराम. इकडे सर्व खुशाल. उद्या चंपाषष्ठी, त्यामुळं आमची कारभारीण सोनूबाई सकाळपासून वांगी निवडून राह्यली आहे. मोतीबिंदू काढल्यानंतरची तुमची पट्टी अजून सुटली नसेल, म्हणून हे पत्र चि. रजनीनं वाचून दाखवावं. बाई रजनी, अक्षर सुलटं आहे, भिऊ नको. मधी थांबू नको, शेवटच्या ओळीपर्यंत वाच.

प्रथम, या दोन हातांनी आजवर काय केलं त्याची याद देतो. तुमच्या हुद्द्याच्या, कागदावर उठवायच्या पाच मोहरा: गिरदावराची, पेशकाराची, तहसीलदाराची, तालुकदाराची आणि सुभेदाराची. हैदराबादेस दरबारात जाताना अंमलदाराच्या कमरेला जो बगलूस लागतो, त्या पट्ट्याचं पितळी बक्कल एक. कचेऱ्यांतल्या शिपायांच्या छातीवरचे बिल्ले दोनशे चौदा. त्यातला एक मीच नापास केला, तेव्हा दोनशे तेरा धरा. निंबखेड्याच्या पाणवठ्यावरची तुमच्या नावाची पाटी. गोलाई मोजायचा परकार, ज्याच्या टोकात केससुद्धा सापडतो. आणि कुंकवाचा करंडा एक, झाकणावर मोर, जो अजून पोचता व्हायचा आहे.

यातलं काहीही मला कुणी शिकवलं न्हाई. हे मी मिरवायला लिहीत न्हाई. बरं, मिरवायलाच लिहितो, पण खरं आहे म्हणून.

रजनी, तुला ठाऊक नसेल. तुझे वडील निंबखेड्याच्या कुलकर्ण्यांचे, मी तिथल्याच नांगर धरणाराचा. मोहोर खोदणाऱ्याला अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलटं उठतं. पाटलाच्या टपालावरची लाख मी सोलून आणायचो आणि न्हाव्याच्या आरशात धरून बघायचो. त्यामुळं उर्दू मी आधी उलटी शिकलो, सुलटी मागून. पहिली मोहोर संगजिऱ्याच्या मऊ दगडात कोरली, पाटलाच्या नावाची. ती तुझ्या वडलांनी नेऊन पाटलाच्याच चाळीस आंब्यांवर उठवली आणि आंबे गावात वाटले, की पाटलानं धाडलेत. त्यांना सात छड्या बसल्या, मला अकरा. वरच्या चार कारागिरीच्या.

पुढं त्यांचा हुद्दा वाढत गेला तशी माझी गोलाई वाढत गेली. आठ सूत म्हणजे एक इंच, हे ध्यानात ठेव. गिरदावराची मोहोर नऊ सुतांची होती. ती कनवटीला लावून हा माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून बांध मोजायचा, कारण साखळी धरणाऱ्यावर भरवसा ठेवायचा न्हाई. पेशकाराची दहा. तहसीलदाराची साडेअकरा, तिच्यासकट भर बाजारात खोटी मापं एका दगडावर ठेवून फोडली, आणि त्यात पहिलं माप स्वतःच्या मामेभावाचं. तालुकदाराची तेरा, तिनं दवाखाना उघडला, आणि पहिली सुई स्वतः टोचून घेतली, लोक भीत होते म्हणून. आणि सुभेदाराची बराबर चौदा सूत. चार जिल्हे त्या चौदा सुतांत मावले. निंबखेड्याच्या पोरानं त्या मोहरेनं पहिला हुकूम काय काढला? सुभ्यातलं एकही गायरान कुणा एकाच्या नावावर होणार न्हाई. ढोरांच्या तोंडचा घास मोहरेनं राखून ठेवला!

हुद्दा बदलला की जुनी मोहोर मोडायची, नाहीतर तिच्यामागं कुणीही खोटा कागद उभा करील. ते मोडायचं काम आमचं दोघांचं. साहेब स्वतः माझ्या दुकानात यायचे, भट्टीपाशी पाटावर बसायचे. चिमट्यात त्यांनी धरायची, छिन्नी मी मारायची. मंग सोनूबाईच्या हातचे गूळ-शेंगदाणे. तुकडे मी एका पिशवीत जपायचो. चार मोहरा अशा मोडल्या.

पाचवीचं पुढं सांगतो.

पाचवी खोदली तेव्हा फसली १३५१ साल होतं, म्हणजे इंग्रजी १९४२. तुमच्या कचेरीतून पेशकार एक कागद घेऊन आल्ता. मोहोर खोदणाऱ्यानं मुचलका द्यावा, की दुसरी नक्कल करणार न्हाई, कुणी मागितली तर तात्काळ कळवीन. खाली तुमची सही. मी त्याला म्हणालो, "साहेबाला सांगा, वीस वर्षं ज्या हातानं मोहरा खोदून घेतल्या, त्या हाताला आता मुचलका?" मोहोर खोदून दिली. सही दिली न्हाई. तुम्ही काही बोलला न्हाईत, मी काही बोललो न्हाई. मंग रजनीच्या लग्नाची हळदीकुंकू लावलेली पत्रिका आली. करंडा तयार होता, मोराला डोळासुद्धा बसवून झाला होता. मी आलो न्हाई. त्याला सहा वर्षं झाली.

असो. आता खरी बातमी. गायरान वाचलं! कसं, ते तपशिलानं लिहितो. अर्धवट सांगणं मला जमत न्हाई.

दिवाळीच्या आधी आपल्या गावच्या जमीनदार काकासाहेबांनी तो कागद बाहेर काढला हे तुम्हाला कळलंच आहे. सुभेदारसाहेबांनी फसली १३५५ मध्ये निंबखेड्याचं तीनशे एकर गायरान काकासाहेबांच्या नावे केलं, असा हुकूम. वर चौदा सुतांची मोहोर. त्यांच्या माणसांनी दुसऱ्याच दिवशी ढोरं हाकलली आणि काट्या लावल्या. गावानं पाणवठ्यावरच्या तुमच्या पाटीला शेण फासलं. हे मी तुम्हाला आधी कळवलं न्हाई. आता कळवतो, कारण आता ते धुवून झालंय.

पहिल्यांदा कडूबा माझ्या दुकानात आला. गावच्या ढोरांची राखण त्याच्याकडं, तेव्हा आग त्याच्या पोटाला लागलेली.

"रखमाजी, तुझ्या दोस्तानं गाव इकलं की रं!"

"कागद दाखीव."

"कागद कशाला? मोहोर हाय त्येच्यावर. तूच खोदलेली."

"म्हनूनच म्हनतो, कागद दाखीव."

"आता तू कशाला त्येची बाजू घेतो? सहा वर्सं तोंड तरी बघितलं का त्यानं तुझं?"

"तोंडाचं राहू दे. मी मोहोर बघून राह्यलो."

सुनावणी जालन्याच्या कचेरीत लागली. नव्या राज्याचे नवे साहेब, नागपूरकडचे, बोलायला मऊ, बघायला कडक. कचेरीबाहेर अख्खं निंबखेडं येऊन बसलेलं, भाकरी बांधून. काकासाहेबांच्या वकिलाला वाटलं मी त्यांच्याच बाजूनं बोलणार. मुचलक्याची गोष्ट त्याला ठाऊक होती. मी साहेबांना म्हणालो, "हुजूर, आपल्या दफ्तरातले फसली १३५५ चे, सुभेदाराच्या मोहरेचे दहा हुकूम मागवा." मागवले. खिशातून परकार काढला. पहिल्या मोहरेवर लावला: चौदा सूत. दुसरी: चौदा. दहाच्या दहा चौदा. परकाराचं तोंड हलवलं न्हाई, तसाच काकासाहेबांच्या कागदावर ठेवला. एक टोक बराबर बसलं, दुसरं बाहेर गेलं. पाव सूत.

वकील हसला. "पाव सूत! हुजूर, कागद आहे, पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो."

"आकसतो," मी म्हणालो. "पन मंग ते दहाबी त्याच कपाटातले. त्यांना उन्हाळा लागला न्हाई का?"

बाहेर कुणीतरी शीळ घातली. साहेबांनी चष्मा पुसला. "रखमाजी, पाव सूत कमी का भरलं ते सांगा."

"सांगत न्हाई, हुजूर. करून दाखवतो. कचेरीच्या आवारात मला एक चूल, मूठभर माती आणि दोन दिवस द्या. पहारा तुमचा."

दिले. माझ्या सबंध आयुष्यात एवढी गर्दी माझ्या कामाला जमली न्हाई. दफ्तरातल्या एका जुन्या लखोट्यावर तुमच्या मोहरेची लाख शाबूत होती. तिच्यात मी मेण दाबलं. मेणाची मोहोर झाली. मेणाभोवती माती लिंपली, माती वाळवून भाजली, मेण वितळून निघून गेलं, आत पोकळी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मुशीत पितळ वितळवलं. गावातल्या बाया कडेवर पोरं घेऊन उभ्या. झुंबरबाई म्हणाली, "ह्यो काय साखरेचा पाक करतो का काय?" मी म्हणालो, "गोडच हाय, आत्याबाई, थांबा." पितळ ओतलं, निवू दिलं, माती फोडली. ती मोहोर शाईत बुडवून साहेबांच्या समोर कोऱ्या कागदावर उठवली आणि परकार त्यांच्याच हातात दिला.

त्यांनी मोजलं. पावणेचौदा.

"आता काकासाहेबांच्या कागदावर लावा, हुजूर."

लावला. दोन्ही टोकं अशी बसली, जशी कुंकवाच्या डबीवर झाकण बसतं.

मंग मी सांगितलं, मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं: "ओतलेलं पितळ निवताना आकसतं. खोदलेलं आकसत न्हाई, कारण ते आधीच थंड असतं. माझ्या सगळ्या मोहरा खोदलेल्या. काकासाहेबांची ओतलेली. ही मोहोर सुभेदाराची न्हाई. कुणीतरी जुन्या लाखेवरून पाडलेलं तिचं पोर आहे, आणि पोर आईपेक्षा पाव सूत लहान आहे." पिशवीतून पाचव्या मोहरेचे दोन तुकडे काढून जोडले. चौदा.

बाहेर जो गलका झाला, तो तुम्ही असतात तर तुम्हीच दटावला असता. काकासाहेबांच्या तोंडात पान होतं ते थुंकायचं राहून गेलं. साहेबांनी कागद खोटा ठरवला, गायरान गावाकडं, काट्या आजच्या आज काढायच्या. कडूबा तिथूनच पळत सुटला. मी संध्याकाळच्या आत निंबखेड्यास पोचलो तर ढोरं गायरानात शिरलेली आणि कडूबा पाणवठ्यावर ओणवा, चिंच लावून तुमची पाटी घासून राह्यलाय. म्हणाला, "डाग जाईना का रं ह्या अक्षरातला?" मी म्हणालो, "तो डाग न्हाई, कोरणी हाय. खोल गेलेली हाय. घासून जायची न्हाई." तरी अर्धा तास घासत होता. पाटी आता नव्या लग्नातल्या ताटासारखी झळकते.

एवढं लिहून पत्र पुरं करावं, असं ठरवून बसलो होतो. सोनूबाईनं विचारलं, "लिहिलं का सगळं?" मी म्हणालो, लिहिलं. ती म्हणाली, "मंग अंगठा का चोळून राह्यलात?"

माझ्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे. ते तुम्ही बघितलेलं न्हाई. तो पाचव्या मोहरेचा घाव आहे.

तुम्ही पेन्शनीत गेलात तेव्हा पाचवी मोहोर घेऊन स्वतः आला न्हाईत. शिपायाबरोबर फडक्यात बांधून पाठवली. शिपाई ती माझ्या पुढ्यात ठेवून जेवायला गेला. काकासाहेब त्या दिवशी दुकानात बसलेले, पानाच्या डब्याची बिजागरी बसवून घ्यायला. फडकं सुटलं तसं त्यांनी बघितलं.

"रखमाजी, मोडायचीच हाय ना ही? मंग शिपाई जेवून येईस्तवर एका कोऱ्या कागदावर एकदा उठू दे. कुनाला कळतंय?" आणि रक्कम सांगितली.

मी म्हणालो, "काकासाहेब, डबा उद्या न्या."

ते उठले न्हाईत. म्हणाले, "त्यानं तुझ्यावर भरवसा ठिवला न्हाई, मुचलका मागितला. आज मोहोर मोडायलाबी आला न्हाई. तू कशाला त्येच्यावर जीव ठिवतो?"

भालचंद्रा, माझा हात छिन्नीवर होता. मी किती वेळ थांबलो ते मोजलं न्हाई. मी सगळं मोजतो, तेवढंच मोजलं न्हाई. पैशासाठी थांबलो न्हाई, हे तू धरून चाल. तो बोलला ते मला टोचलं म्हणून थांबलो. मंग मोहोर गुडघ्यात धरली, चिमटा धरायला तू नव्हतास, आणि छिन्नी मारली. पहिला घाव अंगठ्यावर. दुसऱ्या घावाला दोन तुकडे, काकासाहेबांच्या डोळ्यांदेखत.

पण पुढचं ऐक. त्यांना मोहोर पाहिजे आहे हे मला त्या दिवशी कळलं होतं. एक कार्ड टाकलं असतं तर तू सावध झाला असतास, आणि तो कागद जन्मलाच नसता. मी टाकलं न्हाई. म्हणालो, आधी त्यानं यावं. दोन वर्षं म्हणत राह्यलो, आधी त्यानं यावं. आणि तेवढ्यात त्यांनी कुठूनतरी लाख मिळवली, कुणाकडून तरी ओतून घेतली, आणि तुझ्या नावाला शेण लागलं, तुझे डोळे बांधलेले असताना. कचेरीत मला कुणी हे विचारलं न्हाई, आणि मी आपणहून सांगितलं न्हाई. लोक माझी पाठ थोपटून राह्यले होते, अन् मला वाटत होतं, पाठीवर शेणाचा हात पडतोय.

तुझ्या मुचलक्याचा मला राग का आला, तेही आता कळलं. मला वाटलं होतं तू मला वेगळं काढशील. सुनावणीच्या दिवशी दफ्तरात ते दहा हुकूम शोधताना बाकीचे मुचलकेही निघाले. चारही जिल्ह्यांत, मोहोर खोदणाऱ्या एकूण एकाकडून घेतलेले. एकाचीच सही कोरी. ज्यानं पहिलं खोटं माप मामेभावाचं फोडलं, तो दोस्ताला सूट कशी देईल? नियम सगळ्यांना एकच लावला, म्हणून तर तू सुभेदार होतास. मी त्या मोहरा खोदल्या आणि त्यांच्यात काय कोरलंय तेच वाचलं न्हाई.

आता काकासाहेब म्हणून राह्यलेत की, मला काय ठाऊक, कागद सुभेदाराच्या कचेरीतूनच मला मिळाला. खोटा कागद कुणी केला, त्या सुनावणीची तारीख १५ डिसेंबर. तेव्हा खालचा कागद साहेबांपुढं ठेवा. तो दाखवला की मला विचारतील, इतकी वर्षं गप्प का राह्यलास. विचारू देत. उत्तर द्यायला मी उभा आहे.

कडूबा स्वतः पत्र घेऊन येतोय. त्याला लगेच माफ करू नका, आधी चहा पाजा. त्याच्याजवळच्या पुडक्यात करंडा आहे. रजनी, मोराचा डोळा सहा वर्षं तुझी वाट बघून राह्यलाय. आणि भालचंद्रा, पट्टी सुटली की पाचव्या मोहरेचे तुकडे भट्टीत घालून पितळ करायचं आहे. चिमटा तुझ्यासाठी ठेवलाय. सोनूबाई शेंगदाणे भाजील.

मुचलका लिहून देतो ऐसा जे: मी रखमाजी, मोहरा खोदणारा, राहणार जुना जालना, सुभेदार भालचंद्रराव यांच्या मोहरेची नक्कल केली न्हाई, करणार न्हाई, आणि कुणी मागितली तर तात्काळ कळवीन. एकदा मागितली गेली, ती तात्काळ कळवली न्हाई, आज कळवतो. फसली १३५६, आजूर महिन्यात, म्हणजे इंग्रजी ऑक्टोबर १९४६ मध्ये, माझ्या दुकानात, दिवसाढवळ्या, काकासाहेबांनी कोऱ्या कागदावर मोहोर एकदा उठवून मागितली. दिली न्हाई. सहा वर्षं कोरी राहिलेली सही खाली केली आहे.

रखमाजी

नाकारलेली बोली: मोहरेचा एक ठसा.
रक्कम: रुपये साडेतीन हजार, निजामाचा हाली सिक्का.